न वापरलेली जुडी

सुचिता घरतच्या उजव्या दंडातली गाठ पहिल्यांदा सापडली ती ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना. माप घेताना टेप आवळली आणि सुचितानं "आई गं!" करून हात झटकला. दंडापासून अंगठ्यापर्यंत सणसणून मुंग्या गेल्या होत्या. "चरबीची असेल," असं शिंपीणबाईंनी निदान केलं. गावातल्या डॉक्टरांनीही तेच केलं, फरक इतकाच की त्यांनी वर गोळ्या दिल्या. शेजारच्या मथुराकाकूंनी तेल गरम करून गाठ चोळली. गाठ चोळून जिरते हे ज्या कोणी पहिल्यांदा सांगितलं, त्याच्या दंडात एकदा ती उठायला हवी. दुसऱ्या दिवशी काकू तेलाची वाटी घेऊन आल्या तेव्हा सुचिता मागच्या दारानं पसार झाली. वर्षभरात चिंचोक्याएवढी गाठ लिंबाएवढी झाली.

दुसऱ्या कोणाचा हात असता तर घरानं आणखी एक वर्ष असंच काढलं असतं. पण हा सुचिताचा उजवा हात होता. पेणजवळच्या घरतांच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गणपतीचे डोळे तो हात काढत असे. त्या कामाला तिकडं आखणी म्हणतात. साच्यातून मूर्ती कोणीही काढेल, रंग कोणीही देईल, पण आखणी हुकली की मूर्ती गेली. शिवाय एका कारखान्याची आखणी एकाच हातानं करायची, म्हणजे तिथल्या गणपतीची नजर वर्षानुवर्षं तीच राहते, अशी घरतांची रीत. गावातल्या दोन कारखान्यांनी आता आखणीला यंत्र आणलं होतं. यंत्र झरझर डोळे काढी, एकसारखे काढी, आणि गिऱ्हाईक मूर्तीपुढं उभं राहून म्हणे, "बघतोय खरा, पण माझ्याकडं नाय बघत." ते गिऱ्हाईक मग घरतांकडं येई. म्हणून मुलानं, साईराजनं, आईला सरळ गाडीत घातलं आणि नवी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉ. फरहाना मुकादम मूळच्या श्रीवर्धनच्या. भोवती यंत्रांचा पसारा असूनही त्यांनी आधी दोन बोटांत गाठ धरून पाहिली.

"ही बघा, आडवी सरकते, उभी सरकत नाही. चरबीची असती तर चारी बाजूंना सरकली असती. ही एका दोरीवर बसलीय, आणि ती दोरी म्हणजे नस. रक्ताची नव्हे. मेंदूचा निरोप हाताला नेते ती." त्यांनी गाठीवर टिचकी मारली आणि सुचिताच्या अंगठ्यात पुन्हा मुंग्या आल्या. "कोणी चोळली होती का?"

"शेजारच्या काकूंनी."

"काकूंना सांगा, डॉक्टरणीनं भेटायला बोलावलंय."

मग तपासण्या झाल्या. नस म्हणजे काही एक तार नसते. तिच्यात केसाहून बारीक हजारो तंतू असतात, ते कोथिंबिरीसारखे जुड्या बांधून राहतात आणि त्यांच्यावर आवरण असतं. क्वचित कोणाच्या या आवरणाच्या पेशी बेसुमार वाढू लागतात. बहुतेकदा गाठ तंतूंना बाजूला सारून वाढते; तेव्हा आवरण चिरून, शेंगेतून दाणा काढावा तशी ती अलगद काढता येते आणि हाताला फारसं कळतही नाही. सुचिताची गाठ त्या भल्या जातीची नव्हती. ती तंतूंच्या मधूनच वाढली होती, दोन जुड्या तिनं पोटात घेतल्या होत्या, आणि चित्रात तिचा एक कोपरा डॉक्टरांना आवडला नव्हता. आज तो कर्करोग नव्हता. उद्या होणार नाही असं कोणी छातीठोक सांगेना.

"काढायलाच हवी," डॉक्टर म्हणाल्या. "गाठीबरोबर दोन्ही जुड्या जातील. त्या जागी तुमच्याच पेशींपासून वाढवलेला तंतूंचा पूल घालता येतो. पण एकच. तिथला रक्तपुरवठा दोन पूल पोसत नाही, दोन घातले तर दोन्ही मरतात. म्हणजे एक जुडी वाचवायची आणि एक सोडायची. एकीवर अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची बारीक हालचाल आहे. दुसरीवर अंगठा आणि पुढच्या दोन बोटांचा स्पर्श."

"मग त्यात विचारायचं काय?" साईराज म्हणाला. "हालचाल."

डॉक्टरांनी त्याच्याकडं न बघता कपाटातून एक करडी बाही काढली आणि सुचिताच्या दंडावर चढवली.

बाहीच्या अस्तरात बारीक बारीक टिकल्या बसवलेल्या होत्या. त्या कातडीवरूनच, ध्वनिलहरींनी, नसेतल्या प्रत्येक जुडीला कान लावत. अंगठा वळला की कुठली जुडी जागी झाली, गरम कप धरला की कुठली ओरडली, हे सगळं पंधरवडाभर टिपायचं. मग कुठल्या जुडीवाचून माणसाचं किती अडतं हे यंत्र सांगतं. बाहीला आणखी दोन गोष्टी येत होत्या. एखादी जुडी न कापता दिवसभर गप्प करणं ही एक. आणि टिपलेली हालचाल नंतर हातात पुन्हा वाजवणं ही दुसरी. शस्त्रक्रियेनंतर अवघडलेला हात आपलीच जुनी चाल पुन्हा पुन्हा अनुभवून लवकर शिकतो, त्यासाठी ती सोय केलेली होती.

"पंधरा दिवस रोजच्यासारखं वागा," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी काही करू नका."

इथंच घोळ झाला. कारण आषाढ चालू होता आणि घरतांच्या घरात हंगामातलं 'रोजच्यासारखं' जगावेगळं होतं. सुचिताच्या उजव्या हातानं भाकरी थापायची नाही, कपडे पिळायचे नाहीत, विळी धरायची नाही. तेला-तिखटाचा हात ब्रशला लागू नये म्हणून ती चमच्यानं जेवे, आणि भावकीतल्या बायका तिला 'मॅडम' म्हणून चिडवत. मातीला तर हात लावायचाच नाही. ओल्या मातीनं बोटांना चिरा पडतात आणि मग रेघ हलते, असं तिच्या नवऱ्याचं, जयवंतचं, ठाम मत होतं. आता तर बाही बघून घराला आणखीच चेव आला. यंत्रानं फक्त आखणी शिकली पाहिजे, मध्ये भलतंसलतं नको, असं म्हणून साईराजनं आईच्या हातात ब्रशाखेरीज काही पडू दिलं नाही. सून समृद्धी तिची वेणीसुद्धा घालून देऊ लागली.

सुचिता वेणी घालून घेई आणि ब्रश उचली. ती मातीतली होती, हे मात्र खरं. तिचे वडील साच्याशिवाय मूर्ती करत. परकरातली सुचिता त्यांच्याशेजारी बसून गणपतीपुढचे उंदीर वळायची. उंदीर तिचे इतके झकास येत की गिऱ्हाईक गणपतीआधी उंदीर उचलून बघे. "आता गणपती करू दे," असं ती दरसाल म्हणायची आणि वडील म्हणायचे, "पुढच्या वर्षी." मग लग्न झालं. घरतांकडं ऐन हंगामात आखणी करणाऱ्या जयवंतच्या मामांना अर्धांगाचा झटका आला, नव्या सुनेनं अडलं काम म्हणून चार मूर्तींचे डोळे काढले, आणि ते असे उतरले की त्या दिवसापासून तिचा हात सोन्यासारखा फडक्यात बांधून ठेवण्यात आला. तीस वर्षं झाली. सोनं नावाला बाईचं, पण ते तिच्या अंगावर कमी आणि कपाटातच जास्त असतं, तशातली गत.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी पडद्यावर नस उघडून दाखवली. हालचालीची जुडी लालबुंद होती. स्पर्शाची फिकट, जवळजवळ पांढरी. खाली यंत्राचा शेरा होता: वापर नगण्य, सोडण्यास हरकत नाही.

"बघ," साईराज खुशीत आला. "यंत्रालापण कळलं."

डॉक्टर खूश दिसत नव्हत्या. "सुचिताताई, तुम्ही जेवता कशानं?"

"चमच्यानं."

"पीठ कोण मळतं?"

"सून."

"केस?"

"तीच विंचरते. हंगामापुरतं."

"मला वाटलं बाही बिघडली," डॉक्टर म्हणाल्या. "पंधरा दिवसांत तुमच्या बोटांनी एकदाही काही चाचपलं नाही. यंत्र खोटं बोलत नाहीय. पण हा हात काय करतो एवढंच आपण त्याला विचारलं होतं. तुम्हाला काय हवंय हे विचारलंच नाही. ते मी विचारते."

"आईला तर—"

"मी त्यांना विचारलं, दादा."

 हा प्रश्न सुचिताला तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, आणि सवय नसली की उत्तरही जागच्या जागी सापडत नाही.

डॉक्टरांनी घाई केली नाही. पूल वाढायला दोनेक महिने लागणारच होते, तोवर गणपतीही होऊन जाणार होते. त्यांनी बाही पुन्हा चढवली. उद्या दिवसभर ती स्पर्शाची जुडी गप्प ठेवणार होती, परवा हालचालीची. "दोन्ही तऱ्हांनी हात वापरून बघा," त्या म्हणाल्या. "साडी घ्यायच्या आधी अंगाला लावून बघतोच ना आपण? मग मला सांगा."

पहिल्या दिवशी काही झालंच नाही असं घराला वाटलं. सुचिताच्या तीन बोटांना ब्रश जाणवत नव्हता, पण डोळ्यांना दिसत होता आणि तीस वर्षांची सवय होती. रेघा नेहमीसारख्या पडल्या. साईराज दारातून दोनदा डोकावला आणि दोन्ही वेळा निश्चिंत होऊन गेला. दुपारी कारखाना जेवायला उठला तेव्हा सुचिता समृद्धीला म्हणाली, "मातीचा गोळा आण गो."

"आई, बाबा बोलतील."

"बोलू दे. डॉक्टरणीनं सांगितलंय वापरून बघा."

समृद्धीनं शाडूचा गोळा आणून पाटावर ठेवला. सुचितानं तो हातात घेतला. किती वर्षांनी घेतला, आणि बोटांना काही म्हणजे काही कळलं नाही. माती ओली आहे की सुकी, घट्ट आहे की सैल, काही नाही. ती उंदीर वळायला गेली. अंगठा किती दाबतोय याचा पत्ता नसल्यामुळं तो उंदराच्या पाठीतून आरपार गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं गोळा खाली ठेवला आणि रडली. तोंडाला पदर वगैरे न लावता, समृद्धीच्या समोर, सरळ रडली. सासूला रडताना समृद्धीनं पहिल्यांदाच पाहिलं. काय करावं ते न कळून तिनं माती फडक्यात गुंडाळून ठेवली, सुकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी उलटं झालं. अंगठा समोरच्या बोटाशी यायला तयार नव्हता. ब्रश मुठीत धरून सुचितानं एक डोळा काढला आणि तो असा तिरपा झाला की जयवंतनं मूर्ती उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवली. साईराजचा चेहरा मूर्तीपेक्षा वाईट झाला. सुचितानं ब्रश ठेवला, फडकं सोडलं आणि कालचा गोळा घेतला. बोटं आडमुठी होती, पण माती थंडगार लागली. मऊ लागली, पाण्याचा एक थेंब जास्त झालाय हे कळलं, कुठं दाबलं तर कुठं फुगतं हे कळलं. अंगठ्याचं काम तिनं तळव्याच्या कडेनं केलं, बोटाच्या पेरानं केलं. उंदीर झाला. कान जरा मोठे झाले, पण उंदीरच होता. समोर बघून ती एकटीच हसली, आणि तेवढ्यात तिला डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं.

संध्याकाळी जेवताना तिनं चमचा बाजूला सारला आणि हातानं भात कालवून, शितं सांडत सांडत खाल्ला.

"मना स्पर्श ठेवायचाय," ती म्हणाली.

साईराज घास टाकून उठला. "आणि आखणी? यंत्र आणू? गिऱ्हाईक आपल्याकडं कशासाठी येतं, ठाव हाय ना तुला? डावा हात हाय की. त्यानं लाव ना माती."

"एका हातानं टाळी वाजत नाय, माती काय वळणार?"

"अगं, पण या वयात मातीचं काय करणार हायस तू?"

"गणपती."

"कारखाना भरलाय गणपतींनी!"

"त्यातला एक तरी मी केलाय का?"

साईराज बापाकडं वळला. जयवंतनं ताट पुढं सरकवलं आणि हाताला लागलेलं शीत काढलं. घरातला शेवटचा शब्द नेहमी त्याचा असे आणि तो नेहमी आखणीच्या बाजूनं पडे.

"तीस वर्षं मी बोललो, हात जप, हात जप," तो म्हणाला. "कोणासाठी जप, ते कधी बोललो नाय. तीसुद्धा विचारायची नाय." मग साईराजला म्हणाला, "बस. जेव. हात तिचा हाय."

शस्त्रक्रिया भाद्रपद सरल्यावर झाली. दुखणाऱ्या जुड्या यंत्रानं गप्प केल्या होत्या आणि सुचिता जागी होती, कारण कुठली जुडी कशाची हे कापण्याआधी तिच्याकडूनच ताडून घ्यायचं होतं. पडद्यापलीकडून डॉक्टरांनी तिच्या तळहातावर निर्जंतुक केलेला शाडूचा गोळा ठेवला. समृद्धीनं तो घरून दिला होता.

"दाबा, आणि काय वाटतं ते सांगा."

सुचितानं दाबला. "थंड हाय. आणि मध्ये एक खडा हाय. माती नीट चाळली नाय कोणी."

पडद्यामागं सगळे हसले. मग डॉक्टर म्हणाल्या, "ताई, आता थोडे महिने काही कळणार नाही. घाबरू नका," आणि दोन्ही जुड्या कापल्या. गाठ सगळी निघाली. आवडला नव्हता तो कोपराही तपासणीत बरा निघाला. एकच पूल स्पर्शाच्या जागी बसला.

कापलेला तंतू दंडापासून बोटापर्यंत नव्यानं वाढत जातो, आणि तो गोगलगायीच्या चालीनं वाढतो. नव्या औषधांनी चाल दुप्पट झाली होती, तरी दंडापासून अंगठा बराच लांब होता. सुचिता रोज सकाळी फडकं सोडून मातीत हात घालून बसे आणि काहीच न कळून हात धुऊन टाकी. पौष गेला, फाल्गुन गेला. माती नुसती दिसत होती. साईराज बोलत नव्हता, पण त्याच्या गप्प बसण्यातही बोलणं होतं. तिला स्वतःलाही कधीकधी वाटे, दोन्ही गेलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो आपण. वैशाखात एका सकाळी ती अशीच बसली असताना अंगठ्याला काहीतरी झालं. तिनं हात बाहेर काढला, परत घातला.

"ओली हाय," ती मोठ्यानं म्हणाली. कारखान्यातली माणसं बघायला लागली. ओली माती कोणाला नवी नव्हती. समृद्धी मात्र हातातलं काम टाकून धावत आली.

आखणीचा प्रश्न साईराजनं आधीच सोडवला होता. त्या पंधरवड्यात बाहीनं सुचिताच्या हाताची आखणी रेघ न् रेघ टिपून ठेवली होती. हात शिकवण्यासाठी ती हालचाल वाजवता येते, मग ती दुसऱ्याच्या हातात का वाजू नये, असं त्याच्या डोक्यात आलं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, तसं कोणी केलेलं नाही म्हणाल्या, आणि सुचितानं हो म्हटलं तरच देईन म्हणाल्या. सुचिता म्हणाली, "घेऊ दे. ते डोळे काय मी लोणच्याला घालणार हाय?"

हंगामाला समृद्धीनं बाही चढवली. तिचा हात आपोआप उचलला, ब्रश रंगात बुडाला आणि मूर्तीवर सुचिताचे डोळे उतरले. हुबेहूब. नेहमीची गिऱ्हाइकं आली, मूर्तीपुढं उभी राहिली आणि समाधानानं घेऊन गेली. साईराज पुन्हा आईशी बोलायला लागला. घराची रीतही मोडली नाही, कारण हात एकच होता, नुसता दंड बदलला होता. पहिल्याच आठवड्यात जयवंत सुनेला म्हणाला, "मातीत नको घालू हात, जप." सुचितानं ते ऐकलं.

"कसं वाटतं गो?" तिनं एकदा विचारलं.

"वाटत काय नाय," समृद्धी म्हणाली. "हात आपलं काम करतो, नि मी बाजूला बसून बघते." ती हसली, पण सुचिताला ते हसू ओळखीचं होतं.

श्रावणात सुचितानं आपला गणपती केला. साच्याशिवाय, वीतभर उंचीचा. अंगठा वळत नसल्यामुळं सोंड जाड झाली होती, पोट एका बाजूला कलंडलं होतं, आणि कान पेरानं दाबलेले होते ते दाबलेलेच दिसत होते. उंदीर मात्र झकास. तो सुकला, तिनं मुठीत ब्रश धरून रंगही दिला. आखणी तेवढी राहिली. ती तिच्यानं होणार नव्हती.

"आणा, मी काढते," समृद्धी म्हणाली आणि खुंटीवरच्या बाहीकडं गेली.

"ती राहू दे तिथंच."

"मग कसे काढू?"

"तुझे तू काढ."

समृद्धी गडबडली. "मना नाय येत आई. आजवर एक डोळा मी माझा काढला नाय. बिघडला तर? तुमचा पहिला गणपती हा."

"बिघडू दे. माझं पोट काय सरळ आलंय?"

समृद्धीनं ब्रश घेतला. तो रंगात बुडवून वाटीच्या कडेला पुसला. तिनं श्वास रोखून डावा डोळा काढला, मग उजवा. डावा किंचित मोठा झाला आणि बाहुली जरा वर चढली, त्यामुळं गणपती नुकताच जागा झाल्यासारखा दिसायला लागला. समृद्धी जीभ चावून मागं सरकली. जयवंत जागचा उठून आला, साईराजही आला, आणि कोणी काही बोलायच्या आत सुचिता पाटासमोर जाऊन बसली.

तीस वर्षं कारखान्यातले सगळे गणपती तिच्याकडं तिच्याच नजरेनं बघत आले होते. आरसा बघावा तसं. हे डोळे तिनं काढलेले नव्हते. तिनं हात पुढं करून मूर्तीचं कलंडलेलं पोट चाचपलं. खरबरीत होतं, बोटांना कळत होतं. मग ती वर बघून सुनेला म्हणाली,

"बघतोय गो. माझ्याकडं बघतोय."